जे. जे. वॉट : तीनदा सर्वोत्तम बचावपटू, सुपर बोल शून्य. थोर म्हणायचं का?

मनोज_केटी | १२ सप्टेंबर २०२५, २१:१२

काल ऑफिसात डबा खाताना जुंपली, ती अजून डोक्यातून जात नाही, म्हणून धागा.

अमेरिकन फुटबॉलमधला जे. जे. वॉट आता सीबीएस वाहिनीवर समालोचन करतो. ते बघून एक सहकारी (मूळचा डॅलसचा, म्हणजे पाहा) म्हणाला, "अंगठी नाही, मग कसला थोर?" (अंगठी म्हणजे सुपर बोल जिंकणाऱ्यांना मिळते ती.) मी भडकलो. ह्यूस्टनमध्ये राहून वॉटबद्दल असं बोलणं म्हणजे पंढरपुरात जाऊन विठोबाची उंची काढण्यासारखं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: विस्कॉन्सिनमधल्या प्यूवॉकी गावचा पोरगा, वडील अग्निशमन दलात. २०११ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची निवड) ह्यूस्टन टेक्सन्सनी ११ व्या क्रमांकावर घेतला. पुढे २०१२, २०१४ आणि २०१५ असा तीन वेळा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू झाला. १२ मोसम, १५१ सामने, ११४.५ सॅक. २०२२ चा मोसम संपवून निवृत्त. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना? जिंकणं सोडा, खेळायलाही मिळाला नाही.

दुसरं कारण घरगुती आहे. मुलगा यंदा सातवीत गेलाय आणि टेक्सासात शाळेचं फुटबॉल सातवीपासून सुरू होतं. भिंतीवर वॉट, अंगात ९९ ची जर्सी, आणि हातात सहीसाठी फॉर्म. त्यावर वेगळा धागा काढू का इथेच बोलू?

---

धोंडू | २१:२०

हाताने खेळायचं आणि फुटबॉल म्हणायचं, इथूनच माझा या खेळावरचा विश्वास उडाला आहे. चालू द्या.

---

तिसरी_घंटा | २१:२६

विषय जिव्हाळ्याचा. रुमाल टाकून ठेवतो, सवडीने लिहितो.

---

अण्णा_मिरज | २१:५१

मनोजराव, मला हा खेळ ओ की ठो कळत नाही. नातू तिकडे ओहायोत असतो, त्याच्यासोबत दोन-तीन मॅची बघितल्या. दोन मिनिटं खेळतात आणि दहा मिनिटं उभे राहतात. सॅक म्हणजे नक्की काय? आणि अर्धा सॅक कसा काय होतो बुवा? एकशे साडेचौदा!

---

मनोज_केटी | २२:१५

अण्णा, तुम्ही तालमीतले आणि कबड्डीतले, तुम्हाला पटकन कळेल.

क्वार्टरबॅक म्हणजे चढाईपटू समजा. फरक एवढाच की तो पुढे येण्याऐवजी मागे सरकतो आणि चेंडू फेकायला माणूस शोधतो. त्याच्या हातात जेमतेम अडीच-तीन सेकंद असतात. त्याच्यापुढे पाच धिप्पाड रक्षक, एकेक दीडशे किलोच्या आसपास. वॉटचं काम त्या भिंतीतून वाट काढून, चेंडू हातातून सुटायच्या आत, तो जिथून निघाला त्या रेषेच्या मागेच त्याला पाडायचं. हा झाला सॅक. दोघांनी मिळून पाडला तर दोघांना अर्धा-अर्धा. कबड्डीत साखळीने पकड केली तर गुण संघाला जातो, इथे हिशोब माणसागणिक ठेवतात. अमेरिकेत सगळंच मोजतात.

वर्षाला १० सॅक म्हणजे चांगला मोसम. वॉटचे २०१२ मध्ये २०.५, २०१४ मध्ये पुन्हा २०.५. दोन मोसमांत वीस ओलांडणारा तो पहिलाच.

---

अण्णा_मिरज | २२:३३

आता डोक्यात शिरलं. म्हणजे हा कोपऱ्यावरचा गडी. आमच्याकडेही गर्दी चढाईवाल्याला बघायला जमते, नाव त्याचंच होतं, आणि मॅच काढतो तो कोपऱ्यातला घोटा धरणारा. त्याच्या नावाने शिट्टी वाजत नाही. सगळीकडे एकच कथा.

---

सॅम_सॅनहोजे | १३ सप्टेंबर, ००:४०

अण्णांना +१. आकडाच सांगतो. २०१४ मध्ये वॉटने २०.५ सॅक तर केलेच, शिवाय बफेलोविरुद्ध चेंडू मध्येच पकडून ८० यार्ड पळत टचडाउन केला (चेंडू गोलरेषेपार नेला), आणि आक्रमणात टाइट एंड म्हणून (रक्षकांशेजारी उभा राहून झेलही घेणारा) उतरून तीन टचडाउन झेलले. बचावातल्या माणसाने! तरी मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स. मतं ३१ विरुद्ध १३. आजवर तो किताब मिळालेले बचावपटू दोनच, १९७१ चा ॲलन पेज आणि १९८६ चा लॉरेन्स टेलर. बास. बॅट्समनचा खेळ आहे हो, बोलर लोकांनी टाळ्या वाजवायच्या.

पण मूळ प्रश्नावर माझं मत मनोजच्या विरुद्ध आहे. मी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सवाला, तेव्हा पूर्वग्रह धरून वाचा. वॉट चार वर्षं थोर होता. २०१२ ते २०१५ या चार मोसमांत ६९ सॅक, म्हणजे कारकिर्दीतले निम्म्याहून जास्त. पुढच्या सात वर्षांत अधूनमधून. २०१६ ला तीन सामने, २०१७ ला पाच, २०१९ ला आठ. लॉस एंजेलिस रॅम्सचा बचावपटू ॲरन डोनल्ड बघा. उंचीने कमी म्हणून लोकांनी नाकं मुरडली होती, तो दहा वर्षं सलग खेळला, दहाही वर्षं प्रो बोलला (मोसमातल्या निवडक खेळाडूंचा मेळा) निवडला गेला, तीनदा सर्वोत्तम बचावपटू तोही. आणि फेब्रुवारी २०२२ च्या सुपर बोलमध्ये शेवटच्या मिनिटाला सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक बरोच्या अंगावर जाऊन सामना संपवणारा तोच. याला म्हणतात कारकीर्द.

---

मनोज_केटी | ०७:०५

सॅम, डोनल्डबद्दल वाद नाही. पण डोनल्डच्या पलीकडे, आक्रमणात, मॅथ्यू स्टॅफर्डसारखा क्वार्टरबॅक होता. वॉटच्या पलीकडे कोण होतं? २०१४ मध्ये सुरुवात करणारे क्वार्टरबॅक तीन: फिट्झपॅट्रिक, मॅलेट, कीनम. पुढच्या वर्षी हॉयर आणि मंडळी.

जानेवारी २०१६ चा कॅन्सस सिटीविरुद्धचा प्लेऑफ मी मैदानात बसून पाहिला आहे. पहिल्याच किकवर त्यांचा माणूस १०६ यार्ड पळाला. लोक अजून नाचोज घेऊन जागेवर पोचले नव्हते. मग हॉयरने चार वेळा चेंडू त्यांच्या हातात दिला आणि एकदा पाडला. शेवटी प्रशिक्षकांनी गोलरेषेपासून दोन यार्डांवर क्वार्टरबॅकच्या जागी चक्क वॉटला उभं केलं. पुढे आमचा धिप्पाड बचावपटू विन्स विलफोर्क बुलडोझरसारखा. वॉट चेंडू घेऊन धावला आणि मागेच पडला. आमच्या रांगेतला एक म्हातारा टोपी तोंडावर ओढून म्हणाला, आता त्याला तिकिटंपण विकायला सांगा. ३०-० ने हरलो.

अंगठी अकरा जणांची असते राव. खरं तर त्रेपन्न जणांची.

---

धोंडू | ०७:३०

बुलडोझर ठेवूनसुद्धा दोन यार्ड नाहीत. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज यापेक्षा जास्त जागा मिळवतो मी. (दिवे घ्या)

---

डॉ_शमिका | ११:१८

सॅम यांनी "अधूनमधून" म्हणून जो काळ दोन ओळींत उरकला, तिथेच मला खरी गोष्ट दिसते. मी हाडांची डॉक्टर, त्यामुळे माझी नजर तिथेच जाणार.

२०१६ मध्ये पाठीची चकती, शस्त्रक्रिया, परत खेळायला आला, परत शस्त्रक्रिया. २०१७ मध्ये डाव्या पायाचा टिबियल प्लॅटो मोडला. नडगीच्या हाडाचा वरचा सपाट भाग, ज्यावर मांडीचं हाड टेकतं, तो. गुडघ्याचं जोतंच म्हणा. जोतं खचलं की वरचं घर वाकडं व्हायला वेळ लागत नाही. माझ्याकडे स्कूटरवरून पडून असे फ्रॅक्चर घेऊन येतात, त्यांना मी मांडी घालून बसता येईल का याचीसुद्धा खात्री देत नाही. हा माणूस त्यानंतरच्या मोसमात १६ च्या १६ सामने खेळला आणि १६ सॅक केले. मला विचाराल तर त्याचं सगळ्यात मोठं वर्ष २०१२ नाही, २०१८.

मग २०१९ च्या ऑक्टोबरात छातीचा स्नायू फाटला. सगळ्यांनी मोसम संपला म्हणून सोडून दिलं. शस्त्रक्रियेला जेमतेम दोन महिने होतात न होतात तोच जानेवारीत बफेलोविरुद्धच्या प्लेऑफला हजर. टेक्सन्स १३-० ने मागे असताना त्याने बफेलोचा क्वार्टरबॅक जॉश ॲलनला सॅक केला, स्टेडियम उसळलं आणि सामना जादा वेळेत २२-१९ ने जिंकला. डॉक्टर म्हणून माझा याला अजिबात पाठिंबा नाही. प्रेक्षक म्हणून मी सोफ्यावर उभी राहिले होते.

---

पिंपळपान | १२:०२

डॉक, हृदयाचं राहिलं.

---

डॉ_शमिका | १२:२५

हो. २०२२, तेव्हा तो ॲरिझोनाकडे होता. बुधवारी एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे तालात आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात. गुरुवारी विजेचा झटका देऊन ठोके ताळ्यावर आणले. रविवारी मैदानात. बातमी बाहेर फुटणार असं कळल्यावर त्यानेच आधी जाहीर करून टाकली, आणि सामन्यानंतर बोलताना त्याचा गळा दाटून आला. बायको गरोदर होती, त्याच महिन्यात मुलगा झाला. मोसम संपताना निवृत्ती. गंमत म्हणजे त्या शेवटच्या मोसमातही १२.५ सॅक आहेत. पाय ओढत नाही गेला.

---

रमाकाकू | १४:४७

मी खेळातलं काही सांगणार नाही, मला त्यातलं कळत नाही. माझा वॉट वेगळा आहे.

२०१७ साली गणेश चतुर्थी आली २५ ऑगस्टला, शुक्रवारी. त्याच रात्री हार्वे वादळ टेक्सासच्या किनाऱ्याला लागलं. आमचा दीड दिवसाचा. एरवी आम्ही पाच-सहा घरं मिळून विसर्जन करतो, त्या शनिवारी बादलीत केलं, कारण बाहेर पडायची सोय नव्हती. ह्यांनी थट्टा केली, "बाप्पाला बादलीत घातलंस, बघ आता नदी घेऊन येतो." शनिवारी रात्रीपासून जो कोसळायला लागला तो थांबेचना. आमचं घर बार्कर जलाशयाच्या मागच्या अंगाला. पाऊस ओसरला, आम्ही हुश्श केलं, आणि मग पाणी आलं. जलाशय फुगून मागे सरकला तसं, शांतपणे, आवाज न करता. आधी रस्त्यावरची गटारं उलटी वाहिली, मग हिरवळ गेली, मग उंबऱ्याखालून गालिच्याची कड ओली झाली. मोदकाचा साचा आणि तांदळाचं पीठ मी वरच्या मजल्यावर नेलं आणि पासपोर्ट खाली विसरले. माणूस घाबरला की काय उचलेल याचा नेम नाही.

दीड फूट पाणी, नऊ दिवस. पूरविमा नव्हता, कारण विकणाऱ्याने तुमचा भाग पूररेषेत येत नाही म्हणून सांगितलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही, आता घेऊन काय उपयोग.

तेव्हा आम्ही मैत्रिणीच्या घरी, सात माणसं दोन खोल्यांत. तिचा मुलगा फोन घेऊन बसायचा आणि मोठ्याने आकडे वाचायचा. वॉटचा संघ न्यू ऑर्लिन्सला सामना खेळून परत येताना डॅलसला अडकला होता, तिथून त्याने मदतनिधी सुरू केला. स्वतःचे एक लाख डॉलर, उद्दिष्ट दोन लाख. पोरगा ओरडायचा, काकू दहा लाख! काकू एक कोटी! बंद झाला तेव्हा ३ कोटी ७० लाख होते, आणि नंतर ४ कोटींच्या वर गेला. त्यातला एक डॉलर आमच्या घरी आला की नाही मला माहीत नाही. पण ओल्या भिंती फोडायच्या दिवसांत कुणीतरी रोज आकडा वाढवतंय, हे ऐकायला बरं वाटायचं. क्रिकेटचा स्कोअर ऐकावा तसं.

---

मनोज_केटी | १५:१०

काकू 🙏 आम्ही इथे राहायला २०१९ ला आलो. हे सगळं ऐकीव होतं.

---

खडूस_परीक्षक | १७:३६

रमाकाकू, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून बोलतो. पण प्रश्न कारकिर्दीचा आहे. दानधर्म वेगळा, खेळ वेगळा. उद्या कुणी मोठी देणगी दिली म्हणून आपण त्याची सरासरी वाढवणार का? लीगने त्यासाठी २०१७ चा वॉल्टर पेटन पुरस्कार दिला, तो विषय तिथे मिटला. कँटनच्या दालनासाठी (फुटबॉलचं 'हॉल ऑफ फेम') मतदान होतं ते मैदानातल्या कामगिरीवर.

आणि दुखापतीतून परत येण्याचं फार कौतुक करू नये असं माझं मत. या खेळाची खरी किंमत वेगळीच आहे. ज्युनिअर सेऊ हाही बचावपटूच, वीस मोसम खेळला. २०१२ मध्ये आत्महत्या केली, मेंदूच्या तपासणीत सीटीई निघालं, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार. मनोज, फॉर्मवर सही करण्याआधी हे वाचा.

---

पिंपळपान | १७:५८

शेवटच्या मुद्द्याशी सहमत, पहिल्याशी असहमत. "खेळ वेगळा" म्हणताना तुम्ही आकडेच धरणार, मग आकड्यांत न येणारंही थोडं बघा.

जानेवारी २०१२, टेक्सन्सचा इतिहासातला पहिला प्लेऑफ सामना, सिनसिनाटीविरुद्ध, आणि वॉटचं पहिलंच वर्ष. मध्यंतराला मिनिटभर उरलंय, १०-१० बरोबरी. तो तुकडा मी किमान पन्नास वेळा पाहिला असेल. वॉट आधी नेहमीसारखा रेटतो. समोरचा रक्षक त्याला थोपवतो. बाकी कुणीही असता तर अजून रेटत राहिला असता. हा थांबतो. सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक डॉल्टनचा खांदा मागे जाताना त्याला दिसतो, आणि तो जागेवरून उडी मारून दोन्ही हात वर करतो. चेंडू जेमतेम दोन-तीन मीटरवरून, बंदुकीच्या गोळीसारखा येतोय. बचावातली माणसं तो फार तर थोपटून खाली पाडतात. याने झेलला, आणि २९ यार्ड पळत टचडाउन. शॉर्ट लेगला उभं राहून पुलचा फटका झेलावा आणि त्याच दमात रन काढावी, असलं काहीतरी.

ड्राफ्टच्या दिवशी ह्यूस्टनचे चाहते "हा कोण?" म्हणून हुर्यो करत होते. आठ महिन्यांनी तेच चाहते!

हातही उगाच आले नाहीत. सेंट्रल मिशिगनला तो टाइट एंड होता, झेल घेणाराच. ती शिष्यवृत्ती सोडून घरी आला, पिझ्झा हटची डिलिव्हरी केली. एका घराचं दार लहान मुलाने उघडलं आणि विचारलं, तू जे. जे. वॉट ना, इथे काय करतोयस? मग विस्कॉन्सिन विद्यापीठात स्वतःच्या खर्चाने दाखल होऊन संघात जागा मिळवली.

---

धोंडू | १८:०४

म्हणजे सॅकच्या आधी बॉक्स पोचवायचा. अर्ध्या तासात आला नाही तर फुकट?

---

अण्णा_मिरज | १८:४०

एक विचारतो, आपला कुणी गेला का त्या खेळात?

---

सॅम_सॅनहोजे | १८:५२

अण्णा, भारतीय वंशाचा एक लाइनबॅकर (बचावपटूच) होता, रॅम्स आणि पॅकर्सकडून खेळला. नाव ब्रँडन चिल्लर.

---

धोंडू | १८:५३

आपल्या वाट्याला शेवटी चिल्लरच.

---

खडूस_परीक्षक | १८:५९

धोंडू, हा मात्र जमला.

---

प्राची_फ्रिस्को | २१:३०

मनोज, सहीच्या विषयावर आईकडून दोन शब्द. माझा मुलगा दोन वर्षं शाळेकडून खेळला. टेक्सासात हे काय प्रकरण आहे हे भारतातल्यांना कळणार नाही. तुमच्या केटीत शाळांचं सात कोटी डॉलरचं स्टेडियम आहे! शुक्रवारी रात्री गाव तिथे असतं. मुलाला मित्र त्यातूनच मिळाले, शिस्त लागली, भाजी खायला लागला. दुसऱ्या वर्षी एकदा डोकं आपटून उठला आणि मला विचारलं, "आई, आपण जिंकलो का?" सामना संपून तास झाला होता. गाडीत त्याने हा प्रश्न चारदा विचारला. मी चारही वेळा "हो" म्हटलं. खरं तर हरलो होतो.

त्यानंतर फ्लॅग. कमरेला पट्टा, तो ओढला की खेळ थांबला. २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये फ्लॅगच आहे, हे मुलाला सांगा, उपयोग होतो.

---

मनोज_केटी | २२:०२

प्राची, हे बायकोला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. फॉर्म फ्रिजवरून काढून ड्रॉवरमध्ये ठेवला.

---

सॅम_सॅनहोजे | १४ सप्टेंबर, ००:१५

पिंपळपान, डॉक, थोडा मागे येतो. वॉट दालनात जाणार यात मला शंका नाही. २०२८ ला पात्र होतोय, पहिल्याच फेरीत जाईल. माझं म्हणणं "डोनल्डच्या खाली" एवढंच. आणि घरातल्या घरात बघितलं तरी धाकटा भाऊ टी. जे. आहेच. २०२१ ला २२.५ सॅक करून स्ट्रॅहनच्या एका मोसमातल्या सर्वाधिक सॅकच्या तेव्हाच्या विक्रमाची बरोबरी केली पठ्ठ्याने. जेवणाच्या टेबलावर काय होत असेल!

---

पिंपळपान | ००:३१

आई दोघांना सांगत असेल, आधी ताटं उचला.

---

अण्णा_मिरज | ०८:२०

ते ९९ नंबरचं काय? मनोजरावांचा मुलगा तोच घालतो म्हणाले.

---

पिंपळपान | ०९:०५

अण्णा, त्याची छान गोष्ट आहे. २०२१ ला टेक्सन्स सोडून वॉट ॲरिझोना कार्डिनल्सकडे गेला. तिथे ९९ हा क्रमांक मार्शल गोल्डबर्गच्या सन्मानार्थ कायमचा बंद होता, १९४७ च्या विजेत्या संघातला खेळाडू. वॉट दुसरा क्रमांक घ्यायला तयार होता. गोल्डबर्ग हयात नव्हते, पण त्यांच्या मुलीने सांगितलं, वडिलांना आवडलं असतं, घाला. मग घातला.

---

तिसरी_घंटा | १५ सप्टेंबर, २२:४४

रुमाल उचलतो.

१ ऑक्टोबर २०२३ ला मी टेक्सन्सच्या एनआरजी स्टेडियमच्या सगळ्यात वरच्या रांगेत होतो. टेक्सन्सनी वॉटचं नाव मैदानाच्या कठड्यावर कोरलं तो दिवस. त्याच्याआधी तिथे दोनच नावं, मालक बॉब मॅकनेअर आणि आंद्रे जॉन्सन. सामना पिट्सबर्गशी, म्हणजे धाकटा भाऊ पाहुण्या संघात. मध्यंतरात वॉट बोलायला आला. माझ्या शेजारी एक बाई, वॉटच्या जर्सीवर सफाई कामगारांचं जाकीट, बहुधा पाळी संपवून थेट आलेली. ती सबंध भाषणभर काही बोलली नाही. पडद्यावर २०१८ ची दृश्यं आली तेव्हा फक्त म्हणाली, "दॅट नी." आणि स्वतःचा गुडघा चोळला.

टेक्सन्स ३०-६ ने जिंकले. सॅम, अंगठीचा मुद्दा बरोबर आहे, मला खोडता येत नाही. पण ती बाई डोनल्डसाठी बसमधून आली नसती.

---

सॅम_सॅनहोजे | २३:०१

लॉस एंजेलिसला बसच वेळेवर येत नाही. पण ठीक. मान्य.

---

मनोज_केटी | १९ सप्टेंबर, २०:१०

अपडेट. फ्लॅगचा फॉर्म भरला. चिरंजीव दोन दिवस बोलत नव्हते, ऑलिंपिकच्या मात्रेने तिसऱ्या दिवशी गुण आला. आता नवा पेच: संघात ९९ आधीच दुसऱ्या मुलाकडे आहे. त्याला गोल्डबर्गच्या मुलीची गोष्ट सांगितली. उद्या सरावाच्या आधी जाऊन रीतसर विचारणार आहे.

---

रमाकाकू | २०:३२

विचारताना चकली ने म्हणावं बरोबर.

---

मनोज_केटी | २० सप्टेंबर, १९:४८

चकल्या घेतल्या. नंबर दिला नाही. त्याचेही बाबा ह्यूस्टनचेच आहेत म्हणे.

९८ मिळाला.